झुरळ दिसलं तर आधी आकार बघा

तुमचा प्रश्न असा आहे: जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन मुलांना घेऊन चार दिवस कोल्हापूर, गगनबावडा, राधानगरी करायचंय. गेल्या वर्षी केरळात रिसॉर्टच्या बाथरूममध्ये झुरळ निघालं आणि तुम्ही रात्रभर दिवा लावून पाय वर घेऊन बसलात. इकडं पावसाळ्यात खोलीत झुरळं, किडे असतातच का, आणि निघाले तर करायचं काय?

असतात, ताई. खोटं कशाला सांगू? महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचं अकरा खोल्यांचं लॉज होतं. वडिलांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काउंटरवर बसलोय. रात्री साडेअकराला वरून जे फोन यायचे, त्यातले निम्मे झुरळाचे आणि उरलेले गरम पाण्याचे.

सुरुवातीला असा फोन आला की मी फवाऱ्याचा डबा घेऊन पळायचो. एकदा झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला जिन्यातच अडवलं.

"मोठं हाय का बारकं?"

"मोठं. तांबडं."

"मग ते गटारातलं. आपलं न्हवं. ठेव तो डबा."

वर जाऊन त्यांनी ते झुरळ झाडूनं बाहेर काढलं, मोरीच्या जाळीत दोन तांबे पाणी ओतलं आणि जाळीवर बादली ठेवून दिली. पुढं तीन दिवस त्या खोलीतून फोन आला नाही. सगळ्या भानगडीतलं निम्मं ज्ञान मला त्या जिन्यात मिळालं.

बाथरूमच्या जाळीखाली वाटीसारखा भाग असतो, त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं. ते पाणी म्हणजे गटार आणि तुमची खोली यांच्यामधलं दार. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की ते वाळून जातं आणि गटारातलं झुरळ सरळ वर येतं. म्हणून चांगल्या, महागड्या, पण ऑफ सीझनला बंद पडलेल्या रिसॉर्टमध्येही पहिल्याच रात्री हे महाराज दर्शन देतात. तुमच्या केरळच्या खोलीत असंच झालं असणार असा माझा अंदाज. तेव्हा खोलीत शिरल्या शिरल्या चहा सांगायच्या आधी मोरीच्या जाळीत, बेसिनमध्ये, दुसरं बाथरूम असेल तर तिथंही तांब्याभर पाणी ओता. रात्री झोपताना जाळीवर बादली किंवा पाणी भरलेला मग ठेवा आणि बाथरूमच्या दाराखाली ओलं नसलेलं पायपुसणं सारा. एवढ्यानं मोठ्या झुरळाचा रस्ता बंद.

पावसाळ्यात मात्र उलटाही प्रकार होतो. गटारं तुंबून पाणी चढलं की झुरळं जीव वाचवायला वर पळतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती (धोका पातळी ४३ फूट). आमच्या बोळात पाणी आलं नाही, पण झुरळं आली. संध्याकाळी बोळातल्या भिंतीवर वरात निघाल्यासारखी दिसायची. तेव्हा कुणाची स्वच्छता काढण्यात अर्थ नव्हता.

हे मोठं झुरळ साधारण चार सेंटिमीटरचं, तांबूस, उकाड्यात उडतंसुद्धा. उडतं म्हणजे तुमच्यावर हल्ला करत नाही, उंचावरून तरंगत खाली येतं आणि नेमकी तुम्ही मध्ये असता. ते सहसा चावत नाही. गटारातून आलेलं असतं, त्यामुळं खाण्यावर फिरलं तर ते खाणं टाकून द्यायचं, इतकंच.

बारक्याची गोष्ट वेगळी. एक-दीड सेंटिमीटरचं, पिंगट, डोक्याच्या लगेच मागं दोन काळ्या उभ्या रेघा. याला जर्मन झुरळ म्हणतात, पण २०२४ मध्ये जनुकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात याचं मूळ आपल्या दक्षिण आशियातच निघालं. नाव परक्याचं, पोर घरचं! हे गटारातून येत नाही. ते इमारतीतच राहतं: फ्रिजच्या मोटरपाशी, स्विचबोर्डच्या मागं, पलंगाच्या फळीत. मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडं चिकटवून फिरते आणि एकेका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात. भर दिवसा बारकं झुरळ दिसलं तर समजायचं की आत जागा पुरेना झालीय. अशा वेळी काउंटरवर जाऊन शांतपणे खोली बदलून मागा. शेजारची खोली देतो म्हणाले तर नको म्हणा, भिंत एकच असते. दुसरा मजला मागा, नाहीतर दुसरं लॉज बघा. मी स्वतः काउंटरवर बसलेला माणूस आहे, म्हणून सांगतो, यात संकोच करू नका.

फवाऱ्याचा डबा बरोबर आणू नका. बंद खोलीत मुलांच्या नाकात जातो आणि मेलं नाही ते झुरळ फटीत आणखी आत सरकतं. त्यापेक्षा शांपूची एक पुडी छोट्या स्प्रेच्या बाटलीत पाण्यात मिसळून ठेवा. झुरळ नाकानं श्वास घेत नाही, अंगाच्या कडेला बारीक छिद्रं असतात. साबणाचं पाणी त्यावर बसलं की ती बुजतात. दोन-तीन फवारे मारले की एखाद्या मिनिटात उताणं पडतं. वास नाही, विष नाही, मोठी मुलगी हौसेनं करेल.

चप्पल मारणार असाल तर हेही ऐका. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन शेपट्या असतात, त्यावरच्या केसांना हवेची हालचाल कळते. तुम्ही चप्पल उगारली की वारा आधी पोचतो आणि ते निसटतं. आमची कोल्हापुरी जाड तळाची, वारा भरपूर ढकलते. इतकी देखणी वस्तू या कामाला वापरणं बरंही दिसत नाही. (आणि पावसात ती घालूच नका, भिजली की गेली.)

आता मुद्द्याचं. तुम्ही ज्याला घाबरता ते झुरळ फारसं काही करत नाही. पावसाळ्यात इकडं खरा त्रास देणारा किडा वेगळाच आहे आणि त्याला बघून कुणी किंचाळत नाही.

माझा मामेभाऊ एका जुलैत मित्रांबरोबर गगनबावड्याला राहिला. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मानेवर डावीकडं बोटभर लांब लाल पट्टा, त्यावर बारीक पाणीदार फोड, आणि आग आग. मामीनं बघितलं आणि म्हणाली, "नागीण हाय ही." गल्लीतल्या एका आजीकडून काव लावून आणली. दुसऱ्या दिवशी कोपराच्या आत, घडी पडते तिथं, दोन्ही बाजूंना एकसारखे डाग उठले, जणू शाईचा ठसा उमटावा तसे. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरकडं नेला. त्यांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ट्यूबलाइटखाली झोपला होतास का?"

ज्या किड्यामुळं हे होतं त्याला आपल्याकडं अ‍ॅसिड किडा म्हणतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, सडपातळ, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, लांबून मुंगळ्यासारखा दिसतो आणि पळताना शेपूट वर उचलतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. अंगावर आला आणि आपण झोपेत फाटकन मारला की त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. लगेच काहीच होत नाही, एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखं उठतं. कोपर मिटलं की समोरच्या कातडीलाही तो रस लागतो, म्हणून ते जोड डाग. तेव्हा मुलांना हे आधीच शिकवून ठेवा: अंगावर किडा आला तर मारायचा नाही, फुंकर मारायची किंवा कागदावर घेऊन झटकायचा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबणानं धुवायची आणि तोवर हात डोळ्याला लावायचा नाही. चादर, कपडेही धुवायचे.

तो दिव्याकडं येतो. गगनबावड्यासारख्या धो धो पावसाच्या आणि काळोख्या गावात तुमच्या खोलीचा पांढरा दिवा म्हणजे लांबून दिसणारी जत्रा. संध्याकाळ झाली की खिडक्या लावा, गॅलरीतला दिवा बंद ठेवा, पिवळा बल्ब मिळाला तर तो लावा. पलंग ट्यूबलाइटच्या बरोबर खाली असेल तर सरकवा. म्हणजे केरळात केलंत तसं रात्रभर दिवा लावून बसणं इकडं उलटं महागात पडेल. पंखवाल्या वाळव्यांचा लोंढा आला तरी उपाय तोच, दिवा बंद करून दहा मिनिटं गप्पा मारा.

डासांबद्दल तुम्हाला माहीत असेलच, फक्त डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे लोक विसरतात. मुलांना मलम सकाळी बाहेर पडतानाच लावा.

राधानगरीकडं किंवा घाटात रानवाटेला उतरलात तर जळवा लागणार. लागली की ओढाताण करू नका, तिच्या बारीक टोकाकडं नख सारून बाजूला करा, सुटते. मीठ किंवा चुना टाकला तर सुटते खरी, पण पोटातलं जखमेत ओकते. तिच्या लाळेमुळं रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळं थोडा वेळ वाहत राहिलं तर मुलांसमोर घाबरू नका, धुवा आणि दाबून धरा. इकडचे लोक बुटांना तंबाखूचं पाणी लावतात, निपाणी जवळच असल्यानं तंबाखूला तोटा नाही. तुम्ही पँट मोज्यात खोचा आणि मोज्यांवर कोरडा साबण घासा, पुरे.

बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी उलटे करून आपटा, विंचू असू शकतो. आणि तो चावलाच, विशेषतः लहान मुलाला, तर मंत्र-लेप काही न करता थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन गोळीनं लाल विंचवाच्या रुग्णांवर उपचार दाखवले तेव्हापासून कितीतरी जीव वाचलेत, पण वेळेत पोचावं लागतं.

ढेकूण मात्र तुम्ही विचारले नाहीत, आणि विचारायला हवे होते. हा माझ्याच घरचा डाग आहे. एका मे महिन्यात सात नंबर खोलीतले काका सकाळी काउंटरवर आले, काही न बोलता शर्टाची बाही वर केली. हातावर एका ओळीत चार गांधी. मी म्हणालो, "डास असतील काका." ते म्हणाले, "डास रांगेत उभे राहून चावत नाहीत." गादी उलटली तर शिवणीच्या गोटात पेनाची निब टेकवावी तसे काळे ठिपके आणि त्यात मसुराएवढे तिघे जण. आम्ही फवारा मारला, ते आठ नंबरला गेले. खोली महिनाभर बंद ठेवली, तरी जिवंतच. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं आणि चार गाद्या फेकल्या. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण काकांना डास सांगणारा मी.

म्हणून खोलीत गेलात की पाणी ओतून झाल्यावर दुसरं काम: बॅगा टेबलावर ठेवा, पलंगावर नाही. मोबाइलचा टॉर्च लावून गादीचे चारही कोपरे आणि उशाकडची फळी बघा. ठिपके दिसले तर बॅग न उघडता खाली या.

एक गोष्ट तुमच्या हातातली. खोलीत पार्सल ठेवू नका. कोल्हापूरला आलेला माणूस रात्री उरलेला तांबडा-पांढरा रस्सा 'सकाळी बघू' म्हणून टेबलाखाली ठेवतो आणि मग झुरळांची तक्रार करतो. उरलं तर रात्रीच बाहेर द्या, ताटल्या दाराबाहेर ठेवा, मिसळीच्या फरसाणाचं पाकीट दोरा बांधून नव्हे, घट्ट झाकणाच्या डब्यात.

काजवे बघायचे डोक्यात असेल तर जुलैला उशीर झालेला असेल, ते राधानगरीला मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला. पुढच्या वर्षी या. आणि यंदा जाताना गूळ नेणार असाल, जो तुम्ही नेणारच, तर कपड्यांच्या बॅगेत नको. स्टीलचा डबा घरूनच घेऊन या. घरी पोचल्यावर बॅगा गॅलरीत उघडा आणि कपडे तिथूनच गरम पाण्यात टाका.