माझ्या १९ वर्षांच्या भावाच्या मनात आत्महत्येचे विचार येत असावेत. त्याच्यासाठी एखादं चांगलं मोबाइल ॲप आहे का?

भाऊ परीक्षेत अडकलाय, 'जगून तरी काय करायचं' असं दोनदा बोलून गेला, डॉक्टरकडे यायला तयार नाही आणि फोन मात्र हातातून सुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी कॉलेजात समुपदेशनाचं काम करते, ॲपबद्दल पालकही विचारत असतात.

ॲप शोधण्याआधी त्याला आजच सरळ विचारा, "आत्महत्येचा विचार येतो का? काही ठरवलंयस का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. 'ठरवलंय' म्हणाला तर ॲपचा विषय संपला. त्याला एकटं सोडू नका, ११२ लावा किंवा थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

तसं नसेल तर फोनचा उपयोग होऊ शकतो, पण ॲप कोणतं त्यावर बरंच अवलंबून आहे. ध्यान, झोप, मूड नोंदवणं असली ॲप्स ढिगाने मिळतात. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मिशेल टोरोक आणि सहकाऱ्यांनी फोन-इंटरनेटवर स्वतः वापरायच्या साधनांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. थेट आत्महत्येच्या विचारांवर काम करणाऱ्या साधनांनी ते विचार थोडे का होईना, कमी झाले; नुसत्या नैराश्यावरच्या साधनांनी तसा ठोस फरक दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये त्यांनीच १८ ते २५ वयाच्या ४५५ जणांवर 'लाइफबॉय' ॲपची चाचणी केली. आत्महत्येचे विचार कमी झाले, नैराश्यात मात्र तुलनेच्या गटापेक्षा जास्त सुधारणा नव्हती. म्हणजे ॲप उपचाराची जागा घेत नाही.

आणि स्टोअरवरचे तारे बघून तर अजिबात निवडू नका. २०१९ च्या एका तपासणीत ६९ ॲप्सपैकी फक्त ५ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी आवश्यक अशा सहाही गोष्टी सापडल्या, आणि लाखोंनी डाउनलोड केलेल्या काही ॲप्समधले हेल्पलाइनचे नंबर चक्क चुकीचे निघाले! ॲपमधला नंबर भावाला गरज पडण्याआधी तुम्ही स्वतः लावून बघा.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो सेफ्टी प्लॅन. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली आणि ब्राऊन यांची ही पद्धत. मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा एकट्याने काय करता येतं, कुठे किंवा कुणाकडे गेलं की लक्ष दुसरीकडे वळतं, मदत मागायची तर कुणाकडे, डॉक्टर आणि हेल्पलाइन कोणती, आणि घर सुरक्षित कसं करायचं, हे सगळं बरं असताना लिहून ठेवायचं. उत्तरं त्याच्याच शब्दांत हवीत. 'सकारात्मक विचार करेन' असलं काही लिहू देऊ नका, रात्री दोन वाजता ते कामाला येत नाही. 'गच्चीवर न जाता आईच्या खोलीत जाऊन झोपेन' हे येतं. घर सुरक्षित करणं मात्र तुमच्याकडे: औषधं, शेतीची फवारणीची औषधं कुलपात, किल्ली त्याच्या हाती नाही. 'बियॉन्ड नाऊ' हे ऑस्ट्रेलियन ॲप याच प्लॅनसाठी आहे, पण तिथले नंबर इथे कामाचे नाहीत. फोनमधली साधी नोटही चालेल. तो शेजारी असताना भरा, नुसती लिंक पाठवून मोकळे होऊ नका.

हेल्पलाइनसाठी टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. एआय चॅटबॉटशी तो रात्ररात्र बोलत असेल तर चिडू नका, पण त्याच्यावर विसंबूही नका. वेळ आली तर चॅटबॉट घरातल्या कुणाला उठवायला येणार नाही.

भाऊ फोन करायला तयार नसेल तर तुम्ही करा, नातेवाइकांनाही तिथे सल्ला देतात. आणि पोलिसांचं प्रकरण होईल या धास्तीने घरचे गप्प असतील तर त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.