खाडीत होडी उलटून आउटबोर्ड इंजिन बुडालं, बाहेर काढल्यावर आधी काय करायचं?

आधी स्टार्टरच्या दोरीला हात लावू नका, चालू करून बघायचा मोह नको. मी दाभोळ खाडीकडे आउटबोर्डचीच (होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनांची) कामं करतो. बुडालेल्या इंजिनाची खरी वाट लागते ती वर काढल्यावर, कारण तेव्हा मीठ, ओल आणि हवा तिन्ही एकत्र येतात आणि क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगला काही तासांत गंज धरायला लागतो. त्यामुळे मेकॅनिक उद्या येणार असेल तर इंजिन उन्हात वाळत ठेवू नका, गोड्या पाण्याच्या पिंपात अख्खं बुडवून ठेवा. लोकांना पटत नाही, पण हाच उपाय आहे.

दुसरं म्हणजे बुडालं तेव्हा चालू होतं का? पाणी दाबलं जात नाही, म्हणून चालू इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर कॉनरॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकू शकतो. स्पार्क प्लग काढा आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या वरचं जड चाक) हाताने हळू फिरवा, अडकलं किंवा आत वाळू करकरली तर तिथेच थांबा, ते उघडावंच लागणार.

मोकळं फिरत असेल तर स्वतः करता येईल. कव्हर काढून सगळं गोड्या पाण्याने धुवा, बॅटरी असेल तर आधी तिची वायर काढा. मग प्लगची भोकं खाली येतील असं इंजिन आडवं करून फ्लायव्हील फिरवत राहा, पाणी निघून जाईल. ह्या वेळी प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ करून ठेवा, ठिणगी पडली तर बाहेर उडणारं पेट्रोल पेटेल. कार्बोरेटरची वाटी आणि पेट्रोलचा पाइप रिकामा करा, टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका (आणि कृपा करून खाडीत ओतू नका, तिथेच आपले मासे आहेत). सिलिंडरमध्ये टू-टी (2T, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडून परत फिरवा, नवे प्लग लावा, आणि इंजिनाचा पाय (पंख्याकडचा खालचा भाग) पाण्याच्या पिंपात ठेवूनच चालू करा, कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचं रबर लगेच जळतं. चालू झालं की अर्धा-पाऊण तास चालू द्या, आतली ओल उष्णतेनेच जाते. झालंच नाही तर सिलिंडरमध्ये ऑइल भरून त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.

इंजिन फोर-स्ट्रोक (ज्यात ऑइल पेट्रोलमध्ये न मिसळता वेगळं भरतात) असेल तर चालू करायच्या आधी इंजिन ऑइल काढाच. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, मग नवीन भरून थोडं चालवायचं, परत काढायचं, रंग स्वच्छ येईपर्यंत.