शब्द अडला की काय करायचं?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. वाचताना अनोळखी शब्द आला की लगेच मला हाक मारतो. परवा भूगोल वाचताना ‘अवर्षणप्रवण’वर अडला. अर्थ सांगून टाकावा की शब्दकोश हातात द्यावा?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, दोन्हीची घाई नको. आधी त्याला आजूबाजूची वाक्यं वाचायला लावा. पर्जन्यछायेचा प्रदेश, माण-खटावचा अपुरा पाऊस असं काही तिथे असेल, तर गोष्ट पाणीटंचाईची आहे हे तोच सांगेल. मग शब्द फोडू द्या. ‘वर्षण’ म्हणजे बरसणं. ‘वर्षा’ त्याच्या ओळखीचीच आहे. आधीचा ‘अ’ नकाराचा. राहिलं ‘प्रवण’. घाटात ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी त्याने पाहिली असेलच. जिथे अपघात होण्याचा संभव जास्त, ती जागा. आता अर्थ त्याच्याच तोंडून येईल.

मी मराठी शिकवायची तेव्हा या शब्दात मुलं हटकून ‘अव’ वेगळा काढत, कारण ‘अवगुण’, ‘अवकाळी’ त्यांना ठाऊक असत. मी उरलेला ‘र्षण’ फळ्यावर लिहायची आणि विचारायची, “हा कुठे ऐकलाय?” मुलं आपणहून तोडायची जागा बदलत. उरलेला तुकडा ओळखीचा वाटतो का, हे पाहायची सवय त्याला नक्की लावा. माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं.

काही शब्द मात्र फोडून हाती लागत नाहीत. ‘बेचिराख’मध्ये कानाला ‘राख’ ऐकू येते, आणि शहर बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं असं वाचलं की तो अंदाज पक्काच होतो. मूळ शब्द फारसी ‘चिराग’, म्हणजे दिवा. ज्या गावात दिवाही लागत नाही, ते उजाड गाव बेचिराख. अशा वेळी शब्दकोशच हवा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडाखंडाने निघाला. गावच्या वाचनालयात असला तर मुलाला एकदा तो चाळू द्या. एका शब्दाचे चार-चार अर्थ पाहून आपल्या वाक्यात कोणता बसतो ते त्यानेच ठरवावं.

आणि गोष्ट वाचताना रंगला असेल, तर यातलं काहीच करू नका. शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून त्याला पुढे जाऊ द्या. तोच शब्द दोन पानांनी पुन्हा भेटला, तर बरेचदा तिथेच उलगडतो.