‘डाउनलोड’ हा शब्द नऊ वेळा

आपण परभणी-हिंगोलीकडच्या शेतकऱ्यांसाठी संकेतस्थळ बनवत आहात, म्हणून आधी हे सांगतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारा अंध माणूस दर वेळी सगळे पान ऐकत बसत नाही. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एफ ७ दाबून तो केवळ दुव्यांची यादी उघडतो, आणि तिथे ‘डाउनलोड’ हाच शब्द नऊ वेळा ऐकू आला, तर सोयाबीनचा अर्ज कोणता आणि तुरीचा कोणता, हे त्याने ओळखावे कसे? म्हणून दुव्यातच ‘सोयाबीन पीक विमा अर्ज, पीडीएफ, २ एमबी’ असे लिहावे.

खरी अडचण फाइल उघडल्यावर सुरू होते. एका कार्यालयाचा अर्ज मी ऐकायला घेतला, तेव्हा ‘शेतकरी’ या शब्दाऐवजी ‘के, एस, आर, डी, जे, एच’ अशी इंग्रजी अक्षरांची माळ कानी पडली, कारण मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला होता; त्यात इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचे रूप दिलेले असते. (डोळ्यांना तो अगदी देखणा दिसत होता म्हणे.) त्यामुळे मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीतच असावा. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवल्यास ते नुसते चित्र उरते. त्यासोबत मूळ मजकुराची फाइलही द्यावी. वर्डमधून पीडीएफ करताना शीर्षकांना हेडिंग शैली द्यावी आणि प्रिंटऐवजी ‘सेव्ह अॅज’ वापरावे, नाहीतर रचनेचे टॅग, म्हणजे शीर्षक कोणते हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणा, गळून पडतात.