बी४५० बोर्डचा बायोस पेन ड्राइव्हवरून अपडेट करताना बोर्ड डेड होईल का?

तुमच्याकडे बी४५० चिपसेटचा जुना मदरबोर्ड आहे, त्यावर रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसवायचाय, दुकानदार म्हणतो आधी बायोस (बोर्डवरचं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि बोर्ड डेड होईल अशी धास्ती आहे. आधी अपडेट करा, हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. बी४५० बोर्ड आले २०१८ मध्ये, ५६०० आला २०२२ मध्ये. जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. म्हणून अपडेट होईपर्यंत जुना प्रोसेसर काढू नका, नाहीतर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ योग्य फाइल शोधण्यात घाला. विंडोजच्या स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. तिथे ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर बोर्डचं नाव आणि ‘बायोस व्हर्जन/डेट’समोर सध्याची आवृत्ती दिसेल. तेवढ्यावर थांबू नका, कॅबिनेट उघडून बोर्डवर छापलेलं नाव वाचा. गिगाबाइटच्या बोर्डांवर कोपऱ्यात ‘रेव्ह’ आणि पुढे आकडा असतो. नाव तेच, पण रिव्हिजन वेगळी असली तर बायोसही वेगळा असू शकतो. फाइल फक्त कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच घ्या आणि त्या आवृत्तीखालची टीप पूर्ण वाचा. कधीकधी मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते.

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. झिप उघडून आतली बायोसची फाइल थेट ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा, फोल्डरमध्ये नको. एक्स्टेन्शन विचित्र दिसलं तरी नाव बदलू नका. (बोर्डच्या मागच्या बटणाने फ्लॅश, म्हणजे बायोस अपडेट, करणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव लागतं.)

मग बिटलॉकर (विंडोजमधलं ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं कुलूप) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की मोबाइलमध्ये किंवा कागदावर घ्या. ही पायरी लोक हमखास विसरतात. नवा प्रोसेसर बसवल्यावर स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी सोय) रीसेट करायचा का, वाय की एन, असं विचारलं जाऊ शकतं. की हाताशी नसताना वाय दाबलात तर एन्क्रिप्ट केलेला डेटा उघडणार नाही.

आता लाइटचं, कारण अपडेट अर्ध्यावर असताना ती गेली तर बोर्ड डेड होऊ शकतो. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. साध्या मोडमध्ये तो लाइट गेल्यावर इतक्या उशिरा सप्लाय देतो, की पीसी रीस्टार्ट होतो. चांगली बॅटरी असलेला यूपीएस लावा. तुमच्याकडे लोडशेडिंगची वेळ ठरलेली असेल तर ती टाळा.

फ्लॅश विंडोजमधून न करता बायोसमधूनच करा: एसुसमध्ये ईझी फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश. पट्टी एखाद्या टक्क्यावर अडकल्यासारखी वाटेल, स्क्रीन काळी होईल, पीसी एक-दोनदा आपोआप रीस्टार्ट होईल. तेव्हा पॉवर बटणाला हात लावू नका.

अपडेटनंतर सेटिंग्ज सहसा मूळ स्थितीत जातात. एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) पुन्हा चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहील. मग पीसी बंद करून पॉवर केबल काढा आणि नवा प्रोसेसर बसवा.