लहानग्यांना घेऊन दापोलीला पहिल्यांदाच जाताय?

अहो, पोर दोन वर्षांचं आहे म्हणून बेत रद्द करू नका. मुरूड-कर्द्याला रिसॉर्ट घेताना फक्त ‘सी-व्ह्यू’ला भुलू नका. खोली तळमजल्याची घ्या. पूलमध्ये मुलांसाठी वेगळा उथळ भाग आहे का आणि बिनतिखटाचा वरणभात वेळेवर मिळेल का, हे फोनवरच विचारा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- भरतीची वेळ न बघता पाण्यात उतरणं. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कालची वेळ आज चालत नाही. ओहोटीला पाणी आत ओढतं, हात सोडूच नका.
- डायपरमध्ये वाळू तशीच राहू देणं. मांड्या सोलवटतात आणि रात्रभर रडारड. बाहेर आल्या आल्या गोड्या पाण्यानं धुवा.
- एकाच दिवशी हर्णै, आंजर्ले, केळशी ही तिन्ही गावं उरकणं!

डॉल्फिनची बोट पुढच्या खेपेला.