फ्रेंच खेड्यातला डिसेंबर-जानेवारी

२४ डिसेंबरला कुणी जेवायला बोलावलं नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आपल्या लक्ष्मीपूजनासारखी ती रात्र घरच्यांची असते. ओळखी होतात त्या आधी आणि नंतर. वर्षअखेरीला अग्निशामक दलाचे लोक आणि पोस्टमन कॅलेंडर घेऊन दारी येतात. किंमत ठरलेली नसते. पाच-दहा युरो दे, दोन शब्द बोल.

जानेवारीतला मेयरचा शुभेच्छा समारंभ मात्र चुकवायचा नाही. भाषण लांबतं (रस्त्याची डागडुजी, गटारं, सगळं येतं!), पण नंतर अख्खं गाव ग्लास हातात घेऊन गप्पा मारत असतं. तिथे बहुधा 'गालेत' (पापुद्र्यांची गोल, गोड पेस्ट्री) कापतात. बदामाचं सारण, आत लपवलेली चिनी मातीची चिमुकली बाहुली. जिला सापडेल ती राणी. जपून चाव. त्यात अंडं असतं, खात नसशील तर घेताना सांग.

घरी 'आपेरो'ला (जेवणाआधीचं पेय आणि खाऊ) बोलावलं तर दहा मिनिटं उशिरानेच जा. चकली ने, हमखास फस्त होते. शेवंती नेऊ नकोस, ती तिथे थडग्यांवर ठेवतात. आणि नववर्षाच्या शुभेच्छा अख्खा जानेवारी चालतात, तेव्हा राहिलेल्या शेजाऱ्यांकडे निवांत जा.